नाद लागणं आणि जीव अडकणं

व्यसनमुक्ती केंद्रात सात वर्षं काढलेल्या माणसाला जिकडेतिकडे बाटलीच दिसते. मलाही दिसायची. शेजारच्या जिल्ह्यातल्या केंद्रातलं काम सोडून मी परभणीत मानसिक आरोग्याच्या ओपीडीत समुपदेशक म्हणून बसू लागले, तेव्हा समोर येणाऱ्या प्रत्येकाला मी तेच माप लावायचे. मटका खेळणारा असो, रात्रभर मोबाईलवर जागणारं पोरगं असो, गुटख्यानं तोंड उघडेनासं झालेला गडी असो. कुणीही "सुटत न्हाई हो" म्हणालं की माझ्या डोक्यात पहिला शब्द यायचा, व्यसन. पुढची वाटही पाठ होती. ती वस्तू घरातून हलवायची, संगत तोडायची, घरच्यांना कडक व्हायला शिकवायचं.

वाट चुकीची नव्हती. तिनं सावरलेली घरं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिल आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीनं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तेव्हापासून 'व्यसन हा आजार आहे' हे वाक्य हळूहळू मराठी घरांत पोचलं. आमच्या क्षेत्रातली एक अख्खी पिढी त्या वाक्यावर पोसली गेली. मीही त्यातलीच. पण जिंतूर तालुक्यातल्या एका म्हातारीनं मला शिकवलं की वाक्य कितीही चांगलं असलं तरी ते कुणाला लावायचं हे आधी बघावं लागतं. ती गोष्ट आणि तिच्या जोडीला सेलूकडच्या एका तरुणाची गोष्ट इथे सांगते आहे. ओळख पटू नये म्हणून दोघांचे काही तपशील बदलले आहेत.

म्हातारी स्वतः आली नव्हती, तिचा मुलगा आला होता. चाळिशीचा असेल. खुर्चीच्या कडेला बसून त्यानं एका दमात सांगितलं, "मॅडम, आमची माय भंगार जमा करायलीय. घरात पाय ठेवायला जागा न्हाई ऱ्हायली. बायको लेकरं घेऊन माहेरी बसलीय. तुम्ही दारूचं सोडवता म्हणं. ह्याचं बी काही औषध हाय का?"

आठवड्याभरानं मी घरी गेले. एप्रिल संपत आला होता. परभणीचं ऊन ज्यांना माहीत आहे त्यांना त्या दिवसाचं वेगळं वर्णन करायला नको. माळवदाचं जुनं घर, तीन खोल्या, पुढे ओसरी. ओसरीवर म्हातारीची बाज, अंगणात तीन दगडांची चूल. आत चूल असताना बाहेर का, हे दार उघडल्यावर कळलं. पहिल्या खोलीत छातीपर्यंत खताच्या रिकाम्या गोण्या, त्यावर फुटक्या बादल्या, तेलाचे डबे, औषधांच्या बाटल्या, लग्नातले प्लास्टिकचे पेले एकात एक घालून रचलेले, पत्रिका, चिंध्यांची बोचकी, पाय मोडलेली खुर्ची, सायकलीच्या ट्यूबा. दुसऱ्या खोलीत जायला आडवं होऊन सरकावं लागत होतं. तिसरीचं दार उघडतच नव्हतं. उंदरांचा वास होता. महिन्याभरापूर्वी आतून साप निघाला होता.

मी एक डबा उचलून विचारलं, "आजी, हा तर तळाला गळका आहे. हा कशाला?"

"असू दे माय. कामाला येतंय."

हे वाक्य मराठवाड्यातल्या कुठल्याही घरात ऐकू येतं, हे मला ठाऊक होतं. साठवणं हा इथे शहाणपणा आहे. जुन्या घरांत धान्याची बळदं होती, अंगणाखाली पेवं होती, स्वयंपाकघरात उतरंडी होत्या. आजही कापसाचा भाव पडला की शेतकरी कापूस घरातच भरून ठेवतो. दिवाळीपासून संक्रांतीच्या पुढेपर्यंत माणसं कापसाच्या ढिगाला पाठ लावून जेवतात, अंगाला खाज सुटते, पोरांना अभ्यासाला कोपरा उरत नाही. त्याला कुणी आजार म्हणत नाही आणि म्हणूही नये. कारण त्या साठवणीला एक दिवस ठरलेला असतो. भाव आला की ट्रॉली येते, खोली मोकळी होते. म्हातारीच्या गोण्यांना असा दिवस नव्हता. त्यांचा भाव कधीच येणार नव्हता आणि त्यांच्यापायी चूल अंगणात गेली होती. आजार कुठे सुरू होतो याची खूण मला तिथे सापडली. वस्तू किती आहेत हे मोजायची गरज नसते. खोलीत खोलीचं काम होतं का, एवढं बघायचं.

इथपर्यंत माझं बरोबर होतं. पुढचा सल्ला चुकला.

मुलाला मी म्हणाले, म्हातारी लेकीकडे जाईल तेव्हा घर रिकामं करा. दारुड्याच्या घरात थेंब ठेवायचा नाही, हा आमचा पहिला नियम. तोच मी इथे लावला. अक्षय्य तृतीयेला ती लेकीकडे गेली. मुलानं ट्रॅक्टर लावला, दोन खेपा झाल्या. भंगारवाल्यानं घेतलं तेवढं घेतलं, बाकीचं गावाबाहेर पेटवून दिलं. भिंतींना चुना लावला. मुलानं फोन करून सांगितलं, "मॅडम, घर घरावानी दिसायलंय." मला बरं वाटलं होतं, हे कबूल करते.

म्हातारी परत आली. रडली नाही, भांडली नाही. उंबऱ्यावर बसली ती बसलीच. चार दिवस अन्नाला शिवली नाही. पाचव्या दिवशी मी गेले, तर माझ्याकडे न बघता एवढंच म्हणाली, "मपलं व्हतं. मला कुनी इचारलं न्हाई."

सहा महिन्यांत पहिली खोली पुन्हा भरली, पाठोपाठ बाकीच्या दोनही. या वेळी तिनं दाराला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. मुलाशी बोलणं बंद. मला ओसरीवर बसू द्यायची, पाणी द्यायची, दार उघडायची नाही.

या अपयशाचा दोष दुसऱ्या कुणाच्या माथी मारता येत नाही. मुलगा माझ्या शब्दावर चालला होता.

दारू सोडलेला माणूस पुन्हा प्यायला तर आम्ही विचारतो, कुठे घसरलास? कुणाबरोबर होतास? इथे ते प्रश्न लागूच पडेनात. मग मी कारण शोधायला लागले आणि मराठवाड्यातल्या कुणालाही सुचेल ते कारण मला सुचलं: बहात्तरचा दुष्काळ. म्हातारी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची. खडी फोडायला गेलेली, सुकडी खाल्लेली, मिलोच्या लाल भाकरीची चव अजून जिभेवर असलेली. एवढं सोसलेल्या बाईला रिकामा डबा टाकवत नाही, यात नवल काय? हे कारण इतकं चपखल होतं की मी ते कागदावर लिहूनही टाकलं.

ते खोडलं तिच्या जावेनं. जाऊ त्याच वयाची, त्याच दुष्काळातून गेलेली, त्याच खडीवर बसलेली. तिचं घर शेजारीच, शेणानं सारवलेलं, लख्ख. सामान म्हणावं तर चार भांडी आणि दोन वाकळा. ती म्हणाली, "दुस्काळ काय तिला एकलीलाच आलता व्हय?"

पुढे अभ्यासकांचं लेखन वाचलं तर त्यांचंही तेच म्हणणं. लहानपणीच्या गरिबीचा आणि या आजाराचा थेट धागा त्यांना सापडलेला नाही. धागा सापडतो तो आयुष्यातल्या मोठ्या धक्क्यांशी आणि जवळचं माणूस जाण्याशी. सवय बहुतेकदा कोवळ्या वयातच सुरू होते, दहावीस वर्षं कुणाच्या डोळ्यांवर येत नाही आणि उतारवयात घर गिळते.

जावेनं सांगितलेली हकीकत त्याच्याशी जुळत होती. म्हातारी नवरी होऊन आली तेव्हापासून सुतळ्या, चिंध्या, बटणं गोळा करायची. नवरा थट्टा करायचा आणि पोळ्याच्या आधी दोघं बसून निवडानिवड करायची. "हे ठेवू का टाकू?" तो विचारायचा, ती सांगायची. वर्षाचा पसारा वर्षाला आवरायचा. मग नवरा अचानक गेला. तेराव्याच्या आत भावकीनं रीतीप्रमाणे त्याचं धोतर, पटका, अंथरूण, बाज सगळं देऊन टाकलं. तिला विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही, तशी रीतच नसते. त्याची पानतंबाखूची चंची तेवढी तिनं कमरेला लपवून ठेवली. "ती चंची बी गेली बगा तुमच्या टॅक्टरात," जाऊ म्हणाली. "डब्यात ठिवली व्हती. गोण्यांच्या खाली."

मी गप्प बसले.

उठताना जावेनं जे सांगितलं ते मी अजून विसरलेले नाही. "बाई, तिला नाद न्हाई लागला. तिचा जीव अडकलाय."

त्याच सुमारास सेलूकडचा तो तरुण आला. सरकारी कचेरीत कारकून, वय तेहतीस. त्याला बायको घेऊन आली होती. तिच्या तोंडी मात्र दुसराच शब्द होता: "ह्यांना मोबाईलवरून सामान मागवायचा नाद लागलाय." घड्याळं, बूट, इअरफोन, ड्रिल मशीन, दाढीची यंत्रं. दिवाणाखाली खोक्यांची चळत, निम्मी खोकी न फोडलेली. पतसंस्थेचं, क्रेडिट कार्डाचं आणि दोन मित्रांचं मिळून पावणेदोन लाख देणं.

त्याची एक-एक गोष्ट मला ओळखीची वाटत होती. पार्सल घरी येऊ नये म्हणून पत्ता पानटपरीचा द्यायचा. आमच्याकडचे गडी क्वार्टर तशीच टपरीत लपवून ठेवायचे. पगाराच्या दिवशी शपथ घ्यायची, तिसऱ्या दिवशी मोडायची. बायकोनं ॲप काढून टाकलं की चिडचिड, हात रिकामे वाटणं, मग संडासात बसून ॲप पुन्हा टाकणं. आधी दोनशेच्या वस्तूनं भागायचं, मग दोन हजारांची लागायला लागली. मी त्याला विचारलं, सगळ्यात बरं कधी वाटतं? तो विचार करून म्हणाला, "बटन दाबायच्या आधीचा अर्धा तास, मॅडम. कोणता रंग, कोणती साईज, हे बघताना. डबा हातात पडला की संपलंच. उघडू बी वाटत न्हाई."

हे सगळं सुरू झालं होतं वडिलांच्या आजारपणात. दवाखान्याच्या बाकड्यावर रात्री काढताना हातात फोन होता आणि फोनमध्ये उघडं दुकान होतं. वडील गेले, दुकान उघडंच राहिलं.

त्याच्यावर मी माझी जुनी वाट वापरली आणि ती चालली. ॲप काढलं, कार्ड त्याच्याच हातानं बंद करवलं, खर्चापुरती रोख रक्कम खिशात. हवीशी वस्तू वहीत लिहायची आणि दोन दिवसांनी पुन्हा वाचायची. मन कोणत्या वेळी ओढ घेतं हे त्यानं टिपायला सुरुवात केली, तर रात्री अकरा ते एक हीच वेळ निघाली. त्या वेळात फोन बायकोच्या उशाशी. डॉक्टरांनी उदासपणाचं औषध सुरू केलं, कारण मुळाशी तोही होता. दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये तो घसरला, तीन खोकी मागवली. पण या वेळी स्वतःहून आला, एकटा. व्यसनमुक्तीत आम्ही याला मोठी पायरी मानतो.

दोघेही माझ्या एकाच रजिस्टरमध्ये होते. दोघांच्या घरात नको तेवढ्या वस्तू. एकाला जी वाट तारून गेली, तीच दुसरीला बुडवून गेली. मग मी पुस्तकांकडे वळले.

पुस्तकांनी सरळ उत्तर दिलं नाही, पण नीट विचार करायला लावलं. अमेरिकन मानसोपचार संघटनेनं २०१३ साली आपल्या निदानग्रंथाची पाचवी आवृत्ती काढली. त्यात साठवणीचा विकार, म्हणजे होर्डिंग डिसऑर्डर, पहिल्यांदा स्वतंत्र आजार म्हणून आला, तोही मंत्रचळाच्या म्हणजे ओसीडीच्या कुटुंबात. त्याच आवृत्तीत जुगार व्यसनांच्या यादीत गेला. दारू-गांजाच्या शेजारी बसणारं ते पहिलंच असं वागणं, ज्यात कोणताही पदार्थ शरीरात जात नाही. १९८० पासून तोवर जुगार आवेग न आवरण्याच्या विकारांत मोडत होता. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची अकरावी यादी २०१९ मध्ये मंजूर झाली आणि जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिनं जुगाराबरोबर व्हिडिओ गेमलाही व्यसनात बसवलं. साठवणीला तिनंही ओसीडीच्या शेजारी ठेवलं. आणि खरेदी? तिला अजून स्वतःचं घर नाही. आवेगाच्या विकारांतल्या 'इतर' या कप्प्यात एक उदाहरण म्हणून ती उभी आहे. गंमत म्हणजे तिची ओळख जुनी आहे. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी खरेदीच्या या वेडाला 'ओनिओमेनिया' असं नाव शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच दिलं होतं.

म्हणजे आजच्या याद्यांप्रमाणे खरेदीही व्यसन नाही आणि साठवणही नाही. पण याद्यांचे कप्पे बदलतात. जुगाराला एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला ३३ वर्षं लागली. माझं मत विचाराल तर खरेदी त्याच वाटेनं जाईल, आणि जावी. त्याला पुरावा आहे. कंपवाताच्या काही रुग्णांना मेंदूतल्या डोपामिनचं काम करणारी औषधं दिली, तेव्हा आयुष्यभर हिशेबानं वागलेली माणसं एकाएकी जुगार खेळू लागली, बेसुमार खरेदी करू लागली. औषध कमी केलं की बहुतेकांचं आवरलं. जुगार आणि खरेदी दोन्ही त्याच एका कळीनं चालू होत असतील, तर एकाला व्यसन म्हणायचं आणि दुसऱ्याला हौस, हे फार काळ टिकणार नाही.

साठवणीचं तसं नाही. २०१२ साली अमेरिकेत डेव्हिड टोलिन आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. होर्डिंगच्या रुग्णांना मेंदूचं चित्र घेणाऱ्या यंत्रात ठेवलं आणि एकेक कागद दाखवून विचारलं, हा ठेवायचा की फाडायचा? काही कागद त्यांचे स्वतःचे होते, काही परक्याचे. परक्याच्या कागदांना त्यांच्या मेंदूतले निर्णयाशी जोडलेले भाग इतरांपेक्षा थंडच राहिले. स्वतःचा कागद आला की तेच भाग इतरांपेक्षा कितीतरी जास्त पेटले. मी हे वाचलं आणि म्हातारीचा एकच शब्द आठवला, 'मपलं'. सगळा आजार त्या शब्दात होता. तिला मजा हवी नव्हती. 'ठेवू का टाकू' हा प्रश्न तिच्यापुरता फार जड झाला होता आणि तो उचलू लागणारा माणूस गेला होता.

मग मला आपल्या भाषेचं कौतुक वाटलं. 'व्यसन' या शब्दाला आपण बाटलीत कोंबलं ते अलीकडे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात व्यसन म्हणजे संकटसुद्धा, आणि राजाच्या व्यसनांत मद्याच्या बरोबरीनं द्यूत आणि शिकारही आहे. वागण्याचं व्यसन ही आपल्याला नवी कल्पना नाहीच. शिवाय बोलीनं पायऱ्या पाडून ठेवल्यात. छंद असतो, त्याचा नाद होतो, नादाचं व्यसन होतं. दागिन्यांचा सोस असतो, जमिनीचा हव्यास असतो. हे सगळे घेण्याचे शब्द. न सोडता येण्याला मात्र वेगळा शब्द आहे, जीव अडकणं. मरणाऱ्या माणसाचाही जीव अडकतो, तेव्हा आपण त्याच्यावर ओरडत नाही. कशात अडकलाय ते विचारतो. त्या तरुणाची बायको आणि म्हातारीची जाऊ, दोघींनी निदानग्रंथ पाहिलेला नव्हता. पण दोघींनी दोन वेगळे शब्द वापरले आणि दोघींचे बरोबर होते.

अर्थात माणसं इतकी नीट दोन खणांत बसत नाहीत. म्हातारीही लग्नाच्या मांडवात शेवटपर्यंत थांबायची आणि पेले, पत्रावळ्या, फुलांच्या माळा पदरात बांधून आणायची. ते आणताना तिच्या चेहऱ्यावर जी चमक यायची ती त्या तरुणाच्या अर्ध्या तासाची सख्खी बहीण. साठवणाऱ्यांपैकी बहुतेकांना असं गरजेबाहेर गोळा करण्याची ओढ असते, हे निदानग्रंथही नोंदवतो. म्हणून मी आता आजाराकडे दोन अर्धे करून बघते. आणण्याचा अर्धा व्यसनाच्या जवळचा. तिथे आमची जुनी हत्यारं चालतात: वेळ ओळखा, वाट बदला, मांडवातून लवकर निघा. न सोडण्याचा अर्धा मात्र दुःखाच्या, भीतीच्या आणि निर्णय न होण्याच्या जवळचा. तिथे ती हत्यारं घेऊन गेलात तर जखम होते. मी केली आहे.

आणि दुःखातून वस्तूंकडे वळलेला प्रत्येक जण आजारी असतो असंही नाही. पुण्याचे दिनकर केळकर यांचा राजा हा एकुलता मुलगा लहानपणीच गेला. त्याच्या नावानं त्यांनी उभारलेल्या संग्रहालयात दिवे, अडकित्ते, वाद्यं, दारं-खिडक्या अशा हजारो वस्तू आहेत, आणि तो सगळा संग्रह त्यांनी राज्य सरकारच्या हवाली केला. केळकरांची वस्तू नोंदली गेली, मांडली गेली, लोकांसाठी उघडी झाली. म्हातारीची वस्तू गोण्यांखाली गेली आणि तिलाही दिसेनाशी झाली. चंची तिथे आहे हे तिला माहीत होतं, पण कित्येक वर्षं तिनं ती हातात घेतली नव्हती.

म्हातारीकडे मी जात राहिले. दीड वर्ष, महिन्यातून एकदा. पहिल्या भेटीत माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ दे माय, तुला काय ठावं." पुढचे चार महिने फक्त ओसरीवर बसणं. आधी डॉक्टरांना दाखवून विसराळूपणाचा आजार नाही ना याची खात्री केली, कारण उतारवयात एकाएकी असं सुरू झालं तर तेही बघावं लागतं. मग एक दिवस मी म्हणाले, आजी, पोळा जवळ आलाय, एक टोपलं काढू. फक्त एक. टाकायचं कोणी बोलायचं नाही, नुसतं बघायचं. तिनं किल्ली काढली.

त्या टोपल्यात तेवीस वस्तू होत्या. आम्ही तीन ढीग केले: ठेवायचं, द्यायचं, माहीत नाही. पहिल्या दिवशी 'द्यायचं'मध्ये दोन बाटल्या पडल्या, बाकी सगळं 'माहीत नाही'. मी त्याला हात लावला नाही. एकेक वस्तू तिनंच उचलायची, तिनंच ठरवायचं, आणि मी फक्त तिच्या नवऱ्याचा प्रश्न विचारायचा, "हे ठेवू का टाकू?" 'टाकू' तिला जमायचं नाही, 'देऊ' जमायचं. मग आम्ही टाकणं हा शब्दच काढून टाकला. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई गावात यायची. तिच्याशी घासाघीस करून म्हातारीनं दोन बोचक्यांवर एक पातेलं मिळवलं आणि त्या दिवशी मला चहा दिला. पातेलं घरात आलं म्हणून मुलगा वैतागला. मी त्याला म्हटलं, दोन बोचकी गेली, एक पातेलं आलं. आपण नफ्यात आहोत.

मुलाला शिकवणं जास्त अवघड गेलं. व्यसनी माणसाच्या घरच्यांना आम्ही कडक व्हायला सांगतो. इथे उलटं सांगावं लागलं: पाठीमागे काही उचलू नका, चिडून बोलू नका, साप-विंचू आणि आग एवढ्यापुरता आग्रह धरा. चुलीजवळची आणि वाटेतली जागा मोकळी, हा एकच नियम. तो तिला पटला, कारण तो तिच्या जिवासाठी होता.

हे काम करणारी माणसं थोडी आहेत. राज्यातली प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे. आमच्या खेड्यातल्या म्हातारीपर्यंत पोचते ती आशाताई. अंगणात चूल बघून "आजी, आत काहून न्हाई शिजवत?" असं विचारणारीही तीच. शेतकऱ्यांच्या मनाची विचारपूस करायला प्रेरणा प्रकल्पात आशाताई शिकल्या. भरलेलं घरसुद्धा मनाचंच लक्षण असू शकतं, एवढं त्यांना सांगितलं तर पुष्कळ होईल. घराबाहेर बोलायची लाज वाटत असेल तर टेलिमानस या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीतही बोलता येतं.

तेव्हा खरेदी आणि साठवण यांना व्यसन म्हणावं का? खरेदीला म्हणा. म्हणजे घरची माणसं त्याला 'उधळ्या' म्हणायचं थांबवतील आणि उपचाराला घेऊन येतील. मात्र दिवाळीला चार साड्या जास्त घेणाऱ्या बाईला थट्टेतही ते नाव चिकटवू नका. लपवणं, कर्ज आणि सोडायचा प्रयत्न करून हरणं, या तिन्ही खुणा एकत्र दिसल्या तरच ते व्यसन. साठवणीला म्हणू नका. हा शब्दांचा कीस नाही. आपल्याकडे व्यसन म्हटलं की दुसऱ्या दिवशी कुणीतरी ती वस्तू हिसकावून घ्यायला जातं. आणि म्हाताऱ्या आईच्या खोलीतून तिला न विचारता काहीही उचलू नका. चिंधीसुद्धा नाही.

त्या तरुणाचं कर्ज फिटत आलं आहे. म्हातारीच्या तीन खोल्यांपैकी एक मोकळी झाली, त्यात चूल पेटते, सून परत आली आहे. उरलेल्या दोन खोल्या अजून भरलेल्याच आहेत. किल्ली तिच्याच कमरेला आहे.